दिवा धरणारी

“पूर्णविराम!” सासूबाई ओरडल्या आणि सुनेने बटणावरचा अंगठा उचलला.

टीव्हीच्या पडद्यावरची मुलगी कड्याच्या टोकाशी डुलली आणि थांबली. तिच्या पायांपुढे भुयाराची जमीन संपत होती. खाली कुठेतरी पाणी वाजत होतं.

“आता स्वल्पविराम. परत स्वल्पविराम,” सासूबाई सांगत गेल्या, तशी मुलगी भिंतीला धरून एकेक पाऊल सरकली. “नवा परिच्छेद!”

सुनेने उडीचं बटण दाबलं. मुलगी खालच्या दगडावर अलगद उतरली.

“कंस आहे पुढे. वाक. वाकलेलीच राहा. हं, कंस पूर्ण.”

हे ऐकून शेजारच्यांचा काय समज होत असेल, याची चिंता दोघींनी केव्हाच सोडून दिली होती. सासूबाई एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. तिथे सगळे त्यांना पूर्णविरामबाई म्हणत, आणि मागे नाही, तोंडावर म्हणत. जुन्या पद्धतीत हे काम जोडीने करायचं असे. एकाने मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल घेऊन ताडून बघायचा. सासूबाईंची सुरुवात मोठ्याने वाचण्यापासून झाली. पुढे पेन्सिल हातात आली, त्याच्याही पुढे संगणक आले आणि जोड्या मोडल्या, पण वाचायची सवय काही सुटली नाही. ‘दूध आण स्वल्पविराम येताना पाव आण पूर्णविराम’ असा निरोप फोनवर ऐकून सून लग्नाच्या पहिल्या वर्षी चक्रावून गेली होती.

खेळाचं नाव होतं ‘भुयार’. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, जहाजावर इंजिनच्या खोलीत काम करायचा आणि वर्षातला बराच काळ पाण्यावर असायचा. मागच्या सुट्टीत त्यानेच तो आणून दिला. “मी नसताना तुम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसता. त्यापेक्षा हे बघा,” असं म्हणाला आणि निघून गेला.

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. भांडण कधी नव्हतंच, पण भांडायला तरी काही बोलावं लागतं. गॅस कधी संपला, डॉक्टरकडे कधी जायचं, नळाला पाणी आहे की नाही, इतक्यात दिवस आटपायचा. खेळाने ते बदललं. पडदा मधोमध दुभागलेला असे. डाव्या अर्ध्यात सुनेची मुलगी, जी धावते, चढते, खटके ओढते. उजव्या अर्ध्यात सासूबाईंची म्हातारी, जी दिवा उंच धरून मागून येते. मुलीच्या पुढचं काय ते त्या दिव्याच्या उजेडात म्हातारीच्या अर्ध्यातच दिसतं, आणि दोघी पोचल्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही. संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारून दोघी सोफ्यावर बसत आणि भाजी निवडायची राहून जाई. तळापासून भुयाराच्या समुद्राकडच्या तोंडापर्यंत वर यायचं होतं, आणि आता फार राहिलं नव्हतं.

अशात थोरल्याने जहाजावरून एक दुवा पाठवला. सोबत लिहिलं होतं, ‘तुम्ही हाच खेळता ना? याचं मत बघा.’

तिचा नवरा चपला घ्यायच्या असल्या तरी आधी अनोळखी लोकांना विचारून घेतो. “लग्नाआधी माझ्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून जमलं,” असं सून म्हणायची आणि तो हसायचा.

तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच टॅबवर ते वाचलं. लिहिणारा नावाजलेला असावा, कारण खाली पुष्कळ लोक माना डोलवत होते. चित्रं देखणी, संगीत उत्तम, असं सुरुवातीला होतं. मग लिहिलं होतं, ‘पण दिवा धरून मागून येणारी म्हातारी हे या खेळाच्या गळ्यातलं लोढणं आहे. प्रत्येक दारापाशी तिची वाट पाहण्यात निम्मा खेळ संपतो.’

“काहीतरीच,” सून म्हणाली आणि टॅब ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी खेळताना ती एका दारापाशी पोचली आणि थांबली. दार काही नवं नव्हतं. अशी कितीतरी दारं झाली होती. एरवी अशा वेळी ती मुलीला गोल फिरवायची, खाली बसवायची, पाण्यात खडे टाकायला लावायची. खडा पडला की टुप्प वाजायचं आणि सासूबाई म्हणायच्या, “आले, आले, पाणी बुजवू नकोस.” त्या दिवशी तिने नुसती वाट बघितली. म्हातारीचा दिवा दूरवर हलत होता, थांबत होता, परत हलत होता.

“लवकर या ना, आई.”

हे वाक्य तिने याआधी कधी म्हटलं नव्हतं. खेळ तोच होता, वाट तीच, म्हातारीची चालही तीच. एक शब्द तेवढा नवीन होता, आणि तो तिच्या डोक्यात जाऊन बसला होता. दार उघडलं तरी तिला आनंद झाला नाही. पुढच्या दाराची वाट बघायची आहे, एवढंच मनात आलं. खेळ बंद केल्यावर तिने टॅबवर ते लिखाण पुन्हा उघडलं. खाली सहमतीचा अंगठा होता. तिने तो दाबला, तो निळा झाला, आणि ती भाजी चिरायला गेली.

पुढच्या संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा सासूबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून टॅब वाचत होत्या. टॅब दोघींचा एकच होता.

“या माणसाला ऱ्हस्वदीर्घाचं वावडं आहे,” त्या म्हणाल्या. “‘गूढ’चा ‘गू’ ऱ्हस्व काढलाय. ‘निश्चित’ला दीर्घ वेलांटी. शाळेत काय करत होता कुणास ठाऊक.”

सुनेने खांद्यावरची पर्स काढलीच नाही. “सगळं वाचलंत?”

“वाचणार नाही तर काय? वाचायचंच काम केलं जन्मभर.”

“पण त्याचं मत काहीतरीच आहे, नाही?”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. “मताला आपण हात लावायचा नसतो. ते लिहिणाऱ्याचं. शब्द बरोबर लिहिलाय की नाही, तेवढं बघायचं. लोढणं बरोबर लिहिलंय त्याने. बाणातला ण.”

हीच तर त्यांची खोड होती. अग्रलेखात कुणाला काही का म्हटलेलं असेना, त्यांनी अनुस्वार तपासला आणि पान पुढे सोडलं. मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कधी येतच नसे. इतरांच्या बाबतीत ते खपून गेलं होतं. आता मजकूर त्यांच्यावरच होता, आणि त्यांनी तोही पुढे सोडला.

त्या संध्याकाळी दोघी भुयारात उतरल्या. सासूबाईंनी म्हातारीला पळवलं. ती धडपडली, पडली, दोघींना मागच्या दारापासून सुरुवात करावी लागली.

“माझ्यामुळे,” सासूबाई म्हणाल्या.

“असू दे हो.”

परत पळवलं, परत पडली. विरामचिन्हं बंदच झाली होती, त्यामुळे सूनही एका खड्ड्यात सरळ चालत गेली. तशी सासूबाईंनी हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं. कंट्रोलर हा शब्द त्यांना मान्य नव्हता. त्या त्याला रिमोटच म्हणत.

“डोळे दुखतात माझे. तू खेळ. एकटीलाही खेळता येतो ना हा?”

दोन-तीन संध्याकाळी डोळेच दुखत राहिले. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरची बॅग काढून घेतली आणि फडक्याने पुसायला बसल्या.

“धाकट्याकडे जाऊन येते म्हणते. उद्या सकाळची गाडी आहे.”

“एकदम? परत कधी येणार?”

“बघू.”

बघू! ज्या बाईचं एकही वाक्य आयुष्यात कधी चिन्हाशिवाय संपलं नाही, ती बाई ‘बघू’ म्हणून तसंच सोडून देते, हे सुनेच्या जिवाला लागलं. ही बॅग एकदा धाकट्याच्या घरी उघडली की इथल्या सोफ्याची ती बाजू रिकामी राहणार, हे तिला स्वच्छ दिसलं. पुन्हा गॅस, डॉक्टर आणि नळाचं पाणी. तेही फोनवर.

चपला घालताना तिने मनाशी ठरवलं, त्या एका शब्दापायी हे होऊ द्यायचं नाही. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण करायचं नक्की होतं.

ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करायची. त्या दिवशी तिच्या हातात एक वरची कवळी होती. फिरत्या चाकावर ती कवळीला चकाकी आणत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने, जी दातांना रंगांच्या छटा द्यायची, ते ओळखलं.

“हळू. झिजवशील. मग परत येईल.”

“ही आधीच परत आलेली आहे,” सून म्हणाली. “पेशंट म्हणतो, टोचते. मला तर कुठे काही सापडत नाही.”

“सापडणार कुठून? टोचत नसतेच ती.” छटावालीने ब्रश पाण्यात बुडवला. “बसवतात तेव्हा माणूस आरशात बघतो, खूश होतो. घरी जातो. मेव्हणा म्हणतो, जरा पुढे वाटतात नाही? झालं. दुसऱ्या दिवशी आला गाल धरून, टोचतेय म्हणून.”

“मग आपण काय करायचं?”

“थोडी घासल्यासारखी करायची आणि तीच परत द्यायची. बरं वाटतं म्हणतात.”

“म्हणजे खोटंच टोचतं?”

“खोटं कसं? त्याला टोचतं ना. उगम मेव्हण्याच्या तोंडात असतो, एवढंच.”

सुनेने चाक थांबवलं. हात पुसून तिने फोनवर ते लिखाण काढलं आणि पहिल्यांदाच अगदी तळापर्यंत वाचलं. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, एक ओळ होती. ती वाचून ती उठलीच. छटावालीला म्हणाली, “माझी कवळी तेवढी घासल्यासारखी कर,” आणि लवकर जायची परवानगी मागायला गेली.

घरी आली तेव्हा बॅग पलंगावर उघडी होती आणि सासूबाई शालीची घडी घालत होत्या. सून दारातच उभी राहिली, फोन समोर धरला, आणि छापखान्यात वाचत असतील तशी मोठ्याने वाचू लागली.

“समीक्षकाने हा खेळ एकट्याने खेळून पाहिला पूर्णविराम. सोबतीच्या पात्राची हालचाल संगणकाने केली पूर्णविराम.” तिला धाप लागली होती. “ऐकलंत? एकटा खेळला तो! त्याच्यामागे माणूस नव्हतंच. म्हातारीला यंत्र चालवत होतं. त्याला काय कळणार?”

सासूबाईंनी शालीचं टोक टोकाला जुळवलं.

“वाचलंय मी ते.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी. बारीक टायपातलं आधी वाचायचं असतं. चुका तिथेच दडलेल्या असतात.”

सुनेचा हात खाली आला. “मग? वाचलंत तरी?”

“तरी म्हणजे काय? तो एकटा खेळला, त्याला लोढणं वाटणारच. वाटू दे. मी कुठे त्याच्याबरोबर खेळायला गेले होते?” शाल बॅगेत गेली. वर त्यांनी हात फिरवला, सुरकुती नव्हती तरी. “त्याच्या खाली अंगठा आहे बघ. तो निळा झालेला आहे. आपल्या टॅबवर निळा, म्हणजे आपल्यातल्याच कुणाचा तरी. मी काही दाबलेला नाही.”

सुनेच्या तोंडाशी वाक्यं तयार होती. चुकून लागला असेल. टॅब पुसताना दाबला गेला असेल. त्यातलं एकही वाक्य तिने बाहेर येऊ दिलं नाही.

“मी दाबला,” ती म्हणाली.

“हं.”

“त्या दिवशी दारापाशी मला कंटाळा आला, आई. आधी कधी आला नव्हता. त्याचं वाचलं आणि आला.”

“वाचलं म्हणून आला?” सासूबाई पहिल्यांदाच तिच्याकडे वळल्या. “का होताच, आणि वाचल्यावर दिसला?”

यावर झटकन ‘छे छे’ म्हणायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या सुनेने म्हटलं असतं. ही मात्र खरंच आठवून बघत होती.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

सासूबाईंच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. हे उत्तर त्यांनी गृहीत धरलेलं नव्हतं.

“पण ते मला शोधायचंय,” सून म्हणाली आणि तिचा आवाज चढला. “माझं मत काय ते माझं मी बघणार. दुसऱ्याच्या तोंडचा कंटाळा चघळत मी तुम्हाला गाडीत बसवणार नाही. उद्या जायचं तर जा. बॅग मी भरते, स्टेशनवर मी सोडते. पण आत्ता बाहेर येऊन बसायचं.”

“हुकूम आहे का?”

“हो. उद्गारवाचक.”

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू आवरायचं असलं की त्या तसं करत, पण हसू आलं असेलच असं नाही. स्वेटर पलंगावर ठेवून त्या बाहेर आल्या.

सोफ्यावर दोघी नेहमीच्या जागी बसल्या. सुनेने टेबलावरचे दोन्ही रिमोट उचलले आणि आपला, मुलीचा, सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

“अगं, हा तुझा.”

“आज तुम्ही पुढे. दिवा मी धरते.”

“मला पळता येत नाही त्यात.”

“मुलीला येतं.”

खेळ सुरू झाला. इतक्या दिवसांत सुनेने पडद्याच्या उजव्या अर्ध्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आपल्या अर्ध्यात इतकं काही चाललेलं असायचं. आता तिने पाहिलं. दिव्याचा उजेड लांबवर, पुढे, मुलीच्या अंगावर पडला होता. मुलीचे केससुद्धा मोजता येतील इतकं लख्ख. पलीकडचे खड्डे, कडे, सगळं दिसत होतं. पण दिव्याच्या खाली, जिथे म्हातारी उभी होती, तिथे मिट्ट काळोख होता.

डाव्या अर्ध्यात मुलगी एकदम सुटली.

“अगं बाई, ही पळते की!” सासूबाई सोफ्यावर पुढे सरकल्या. “कुठे थांबतच नाही. बघ, बघ कशी जाते!”

“आई, पूर्ण... पूर्णविराम!”

उशीर झाला होता. मुलगी कड्यावरून खाली गेली आणि पाणी धपकन वाजलं.

“मजकूर वेळेवर वाचावा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. “आमच्याकडे अशा वाचणाऱ्याला दुपारीच घरी पाठवत.”

“नवीन आहे मी. सांभाळून घ्या.”

परत सुरुवात झाली. या वेळी सुनेने कड्याच्या बऱ्याच आधी स्वल्पविराम दिला. मग परिच्छेद. मग कंस, तो मात्र बंद करायला ती विसरली आणि सासूबाई मोकळ्या वाटेवरही किती वेळ वाकूनच चालत राहिल्या. ते लक्षात आल्यावर दोघींना हसू फुटलं. मुलगी दगडांवरून उड्या मारत दारापाशी पोचली.

म्हातारी खूप मागे होती. सुनेने पाऊल टाकलं आणि ती घसरली. दुसरीकडे टाकलं, तिथे दगडच नव्हता. ती थांबली, चाचपडली, थोडी पुढे गेली, परत थांबली. आपली ही चाल लांबून कशी दिसत असेल, ते तिला पाठ होतं.

सासूबाईंनी तिला लवकर ये म्हटलं नाही. डाव्या अर्ध्यात त्यांनी मुलीला एकदा गोल फिरवलं. दारासमोर खाली बसवलं. कुठलं बटण दाबायचं ते थोडं शोधावं लागलं, पण सापडलं. मुलीने एक खडा उचलून पाण्यात टाकला. टुप्प.

“आई, मला माझे पायच दिसत नाहीयेत.”

“दिसत नाहीतच.”

सुनेची बोटं रिमोटवर थांबली. “मग तुम्ही कशा यायचात इतके दिवस?”

“तू कुठे कुठे पाय टाकलेस, ते आधीच बघून ठेवायचे.” सासूबाईंची नजर पडद्यावरच होती. मुलीने आणखी एक खडा टाकला. “ये सावकाश. मी थांबलेय.”